नोकरीचा अर्ज आणि किराण्याची यादी

रमजानचे वेळापत्रक सध्या उमरेडच्या बहुतेक मुस्लिम घरांत फ्रिजवर किंवा स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलेले दिसेल. सहेरी किती वाजता संपते, इफ्तार किती वाजता, सारे मिनिटांच्या हिशेबात. एरवी नऊ वाजता उठणारी पोरेही या महिन्यात घड्याळ बघू लागतात. पण एक गोष्ट त्या वेळापत्रकात छापलेली नसते. सहेरीसाठी घरात सर्वांत आधी कोण उठते? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. आई उठते, बहीण उठते, सून उठते. रोजा तिचाही असतो, दुपारी घसा तिचाही कोरडा पडतो. तरी अस्रच्या नमाजनंतर कढईसमोर तीच उभी असते.

हे फक्त आमच्या घरांत होते असे कुणी समजू नये. महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळा भाज्या कोण चिरते आणि दिवाळीचा चिवडा रात्री अकरा वाजता कोण परतते, हे शेजारच्या घरांनाही माहीत आहे. सणाचे नाव बदलते, चुलीपुढची व्यक्ती बदलत नाही.

आज या पानावर मला स्वयंपाकाविषयी लिहायचे आहे, पण पाककृती म्हणून नव्हे. मी महाविद्यालयात शिकवते. दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना आम्ही अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत कसे बोलावे, संगणकाचा कोणता कोर्स करावा हे सांगतो. दोन वेळचे जेवण स्वतः कसे उभे करावे, हे मात्र सांगत नाही. माझे म्हणणे असे की, हे येत नसेल तर बाकीची तयारी अर्धीच राहते. ज्याला आपले पोट आपण भरता येते, त्यालाच नोकरी निवडता येते. ज्याला येत नाही, त्याची निवड दुसरेच कुणीतरी करते.

उमरेडच्या मुलांना घर सोडावेच लागते. एके काळी वेकोलिच्या खाणीत चिकटले की जन्माची ददात मिटली, असे मानले जायचे. आता तेवढ्यावर भागत नाही. इतवारी-नागभीड छोटी रेल्वे धावायची तेव्हा कित्येक जण नागपूरला शिकायला, कामाला जाऊन रात्री घरी जेवायला परतायचे. ब्रॉडगेजच्या कामासाठी ती गाडी 2019 मध्ये बंद झाली आणि त्या वाटेचे लोक एसटी, दुचाकीवर आले. जी मुले पुणे, हैदराबाद गाठतात किंवा बुटीबोरीत खोली करून राहतात, त्यांना रात्री घरचे ताट मिळत नाही. त्यांच्या पहिल्या पगाराची खरी परीक्षा तिथेच होते.

साधा हिशेब करू. समजा पगार हातात पंधरा हजार पडतो आणि बाहेरचे एक जेवण शंभर रुपयांना मिळते. दोन वेळचे महिन्याचे सहा हजार झाले. चहा-नाश्ता वेगळा, मोबाइलवरून मागवले तर पोहोचवण्याचे पैसे वेगळे. खोलीभाडे दिल्यावर महिन्याच्या वीस तारखेला घरी फोन जातो. असा फोन दोन-तीन महिने गेला की घरचे म्हणतात, 'ये परत, इथंच काहीतरी बघू.' पुण्याहून दहा आठवड्यांत पोट बिघडवून आणि खिसा रिकामा करून परतलेली मुले मी पाहिली आहेत. कामात ती कच्ची नव्हती. वर्षभर तग धरला असता तर पगार वाढला असता, अनुभव नावावर लागला असता.

म्हणून सुरुवात किराण्यापासून करू. एकट्या माणसाला महिन्याला नेमके किती लागते? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली. दिवसाला 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यात साधारण 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे, 300 मिली दूध किंवा दही, 35 ग्रॅम दाणे-बिया आणि 27 ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण आहे. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवे. अंगमेहनतीचे काम असेल त्याला धान्य जास्त लागेल.

याला तीसने गुणा, महिन्याची यादी तयार होते. धान्य साडेसात किलो, म्हणजे चार किलो कणीक, तीन किलो तांदूळ, अर्धा किलो पोहे. डाळी अडीच किलो, म्हणजे तूर, मूग, मसूर, चणे व बेसन प्रत्येकी सुमारे अर्धा किलो. फल्लीदाणे, जवस, तीळ मिळून एक किलो. तेल एक लिटरची एक पिशवी, तीही थोडी उरेल. मिठाचा एक किलोचा पुडा तर सहा महिने पुरायला हवा. ही यादी मोबाइलमध्ये लिहून ठेवा. भाजी मात्र आठवड्याला तीन किलोच्या आत घ्या. पालेभाजी आणि सांबार पहिल्या दोन दिवसांत संपवा, मग भेद्रे आणि वांगी, शेवटी आलू, कांदे, कोहळे. उलट क्रमाने गेलात तर शनिवारी पालक काळा पडून कचऱ्यात जातो आणि त्याच्यासोबत वीस रुपयेही.

खरेदीचा एक नियम रोजेदारांना कुणी शिकवावा लागत नाही. इफ्तारच्या अर्धा तास आधी बाजारात गेले की भजी, जिलेबी, चार प्रकारचे खजूर, सगळेच घ्यावेसे वाटते. घरी येऊन दोन खजूर आणि ग्लासभर शरबत झाले की तेच भजे समोर नको होते. भुकेल्या पोटी खरेदी करू नये, हे बारा महिन्यांचे शहाणपण रमजान महिन्याभरात पटवतो. मोबाइलवर रात्री अकरा वाजता मागवणाऱ्यालाही ते तितकेच लागू आहे.

दुसरे, पुडा वाचायला शिका. 'मोठा पुडा स्वस्त' हे नेहमीच खरे नसते. किलोला किंवा शंभर ग्रॅमला किती पडले, तेवढे बघा. आता बऱ्याच पुड्यांवर ते छापलेलेही असते. बनवल्याची आणि वापरण्याची तारीख बघा, अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक आहे का बघा. आणि सगळेच पुड्यात घ्यायला हवे असे नाही. आपल्या शेजारच्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. घरून निघताना आईकडून तिचे पावशेर तिखट बांधून घेतले तर परगावात तीन महिने भाजीला चव राहील.

तांदूळ घेताना एका माणसाची आठवण ठेवावी. एचएमटी हा तांदूळ आज दुकानादुकानांत मिळतो. तो कुठल्या कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. आपल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये शेतातल्या काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी जपले, वर्षानुवर्षे निवडत नेले आणि हे वाण उभे केले. नाव पडले त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळावरून. जेमतेम तिसरी शिकलेला, थोडकी जमीन असलेला हा माणूस 2018 मध्ये गेला. त्याच्या तांदळाने लाखो ताटे भरली, त्याच्या स्वतःच्या हाती मात्र फारसे काही लागले नाही. पोरांनी करिअरचे धडे परदेशी उद्योगपतींच्या चरित्रांतून जरूर घ्यावेत. पण बारीक नजर, चिकाटी आणि आपल्या कामाचा हक्क वेळीच कागदावर न आल्याची किंमत, हे तिन्ही धडे कुकरमधल्या भातातही आहेत.

आता स्वयंपाक. तीन लिटरचा एक कुकर, एक कढई, एक तवा, एक गंज, सराटा, चाकू आणि पोळपाट-लाटणे. एवढ्यावर संसार सुरू होतो. पाच पदार्थ हातात बसवा, पन्नास नकोत. पहिला, वरण-भात, एकाच कुकरमध्ये दोन डब्यांत. दुसरा, मुगाची खिचडी. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, चार वाट्या पाणी, हळद, मीठ, तीन शिट्ट्या. तिसरा, चून. कांदा-मिरची परतून पाणी उकळले की बेसन हळूहळू सोडायचे आणि ढवळत राहायचे, पंधरा मिनिटांत होते. चौथा, आलू-भेद्र्याचा रस्सा, ज्यात वांगे, वाटाणा, अंडे काहीही सामावते. पाचवा, भिजवलेल्या चण्यांची उसळ. पोळी जमायला महिना लागेल. तोवर भात खा, भाकरी विकत आणा, पण लाटणे सोडू नका. नकाशे लाटतच सगळे शिकतात.

नोकरी करणाऱ्याची मोठी तक्रार असते वेळेची. तिचे उत्तर सहेरीत आहे. पहाटे चार वाजता शून्यातून कुणी स्वयंपाक करत नाही. कणीक रात्रीच मळून झाकलेली असते, चणे भिजवलेले असतात, कांदा परतून ठेवलेला असतो, ताटे-वाट्या मांडलेल्या असतात. पहाटे फक्त पोळी शेकायची आणि गरम करायचे. सकाळी सातची बस पकडणाऱ्याने हेच करावे. रात्री जेवण झाल्यावर वीस मिनिटे उद्यासाठी द्यावीत. रविवारी एकदम चणे उकडून तीन भाग करावेत, एक उसळीला, एक भातात, एक कांदा-लिंबू घालून संध्याकाळच्या भुकेला. एक काळजी मात्र घ्यावी. शिजवलेला भात, वरण खोलीत रात्रभर उघडे ठेवू नये. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे, नाहीतर तेवढेच करावे जेवढे संपेल.

याचा करिअरशी संबंध काय, असे कुणी विचारेल. सरळ आहे. जेवणाचा खर्च निम्म्यावर आला की पहिल्या वर्षी कमी पगाराची पण शिकवणारी नोकरी धरता येते. दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडला की अपमान करणारी नोकरी सोडता येते. तीन महिन्यांची शिल्लक हीच तरुण माणसाची खरी शिफारसपत्रे. मुलाखतीला जाल तेव्हा पगाराचा आकडा वार्षिक सांगितला जाईल. तुम्ही हातात किती पडणार, भविष्य निर्वाह निधी किती कापणार, ते विचारा. पाळी किती वाजता सुरू होते, जेवणाची सुट्टी किती, कॅन्टीन आहे का, गाडीची सोय आहे का, तेही विचारा. हे प्रश्न विचारणारा भुक्कड ठरत नाही, महिना कसा काढायचा हे जाणणारा ठरतो. आणि खोली घेताना भाड्याआधी विचारा, स्वयंपाक करू देणार का? दोनशे रुपयांनी स्वस्त पण चूल बंद असलेली खोली शेवटी महागच पडते.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. वरचे सगळे वाचून काही घरांत म्हटले जाईल, 'मुलींना तर हे येतंच, मुलांना कशाला?' उर्दू बोलणाऱ्या घरात चांगल्या मुलीला 'सलीकेमंद' म्हणतात. मराठी घरात म्हणतात, 'मुलीला वळण आहे.' दोन्ही शब्द किती सुंदर, पण चुलीच्या संदर्भात दोन्ही मुलांसाठी क्वचितच वापरलेले ऐकू येतात. डिप्टी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' ही उर्दूतली गाजलेली कादंबरी 1869 ची. तिच्यात दोन बहिणी आहेत, एक घर बिघडवणारी आणि एक घर सावरणारी. पिढ्यान्‌पिढ्या ती मुलींना वाचायला दिली गेली. मराठीत 1910 मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे पाकक्रियांचे मोठे पुस्तक आले, त्याचे नाव 'गृहिणीमित्र'. दोन भाषा, दोन समाज, पण वाचक एकच धरलेला, घरातली बाई. त्या काळी ते साहजिक होते. या पुस्तकांनी बायकांच्या कामाला शास्त्र दिले, मान दिला. आज मात्र शिकणारी मुलगी सकाळी सातच्या बसला उभी आहे, आणि 'गृहिणीमित्रा'ची गरज तिच्या भावाला जास्त आहे.

केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळवापर पाहणीत सहा वर्षांवरील 81.2 टक्के स्त्रिया दिवसभरात बिनपगारी घरकाम करताना आढळल्या. पुरुष होते 26.1 टक्के. काम करणाऱ्यांतही स्त्रियांचा सरासरी वेळ 299 मिनिटे, पुरुषांचा 97. जवळपास पाच तास आणि दीड तास. 2024 च्या पाहणीतही चित्र फारसे हलले नाही. हा पाच तासांचा आकडा माझ्या वर्गात रोज बसलेला असतो. पहिल्या तासाला डुलक्या घेणाऱ्या मुलीला विचारले तर कळते, ती चार जणांचे डबे बांधून आली आहे. तिचा भाऊही त्याच महाविद्यालयात असतो, त्याची झोप झालेली असते. नागपुरात बरी नोकरी लागलेली मुलगी सहा महिन्यांत ती सोडते, कारण 'घरी आईला होत नाही.' घरात दोन धडधाकट मुलगे असतात, पण आईला होत नाही याचा अर्थ बहिणीने परत यावे, असाच लावला जातो. नोकरी मुलीची जाते आणि तिला राजीनामा म्हणतात.

'आईच्या हातची चव', 'तिलाच करायला आवडते', असेही म्हटले जाते. आवडत असेलही. पण आवड ती, जिला सुट्टी घेता येते. आमच्याकडे धर्माचा दाखला देणारेही भेटतात. त्यांना एवढीच आठवण करून द्यावी की, पैगंबरसाहेब घरी काय करत, असे हजरत आयशांना विचारले गेले तेव्हा त्यांनी सांगितले, ते घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. हे हदीसच्या प्रमाण ग्रंथांत नोंदलेले आहे. सुन्नत म्हणून दाढीची लांबी मोजणाऱ्यांनी ही सुन्नतही मोजावी.

दुसरा दाखला महाराष्ट्राच्या मातीतला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 1924 मध्ये वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची आणि धर्मांची मुले तिथे एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. स्वयंपाकासकट आपली कामे मुले स्वतःच वाटून करत. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून या लेकरांना जेवू घातले. 1927 मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. 'कमवा आणि शिका' हा त्या परंपरेतून आलेला मंत्र आज विद्यापीठांच्या योजनांत आहे. त्या मुलांनी भाकरी थापली म्हणून त्यांची पदवी हलकी झाली नाही. उलट दुसऱ्या जातीच्या हातची भाकरी खाल्ल्याने त्यांची माणुसकी जड झाली.

आपल्याकडेही याचा नमुना आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर गावात लागते तेव्हा मुलांचे गट पाळीने स्वयंपाक करतात. तिथे पन्नास जणांचा भात उतरवणारा मुलगा घरी पाण्याचा ग्लासही बहिणीकडून मागतो. म्हणजे त्याला येत नाही असे नाही, घरात त्याच्याकडून अपेक्षाच नाही. ही अपेक्षा आई-वडिलांनी ठेवायची आहे. महाविद्यालयांनीही नोकरी मार्गदर्शनाच्या कार्यक्रमात एक दुपार महिन्याच्या हिशेबाला आणि कुकरला द्यावी. वक्ता बाहेरून बोलावण्याची गरज नाही, कुणाची तरी आई पुरेशी आहे.

ज्या घरातून मुलगा किंवा मुलगी यंदा बाहेरगावी जाणार आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. निघण्याआधी सात दिवस त्याच्याकडे द्या. ठरावीक रक्कम हातात ठेवा. यादी त्याने करावी, भाव त्याने विचारावा, रात्रीचे जेवण सगळ्यांसाठी त्याने करावे आणि भांडीही त्यानेच घासावीत. मीठ जास्त झाले तर मुकाट्याने खावे. सात दिवसांनंतर किती पैसे उरले ते सगळ्यांसमोर मोजावे. नोकरीच्या बाजारात उतरण्याची याहून स्वस्त शिकवणी नाही. रमजान पाळणाऱ्या घरांनी उरलेल्या दिवसांत आठवड्यातून दोन सहेऱ्या मुलांकडे द्याव्यात. आईला वीस मिनिटे जास्त झोप मिळाली तर तिच्याही इबादतीत बरकतच येईल.

ईदला शीरखुर्मा खायला तुम्ही आमच्या घरांत याल, दरवर्षी येताच. यंदा वाटी हातात घेताना, 'कोणी केला?' एवढे विचारा. उत्तरात घरच्या मुलाचे नाव आले, तर शेवया थोड्या चिकटलेल्या असल्या तरी दुसरी वाटी मागून घ्या.